मालक बदला, नाव बदला. पण ग्रीस कोण भरणार?

आधीच सांगून टाकतो. हा लेख जहाजांवर आहे आणि लिहिणारा हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरचा आहे. आमच्यापासून समुद्र पाचेकशे किलोमीटर लांब. मोठं पाणी म्हणजे इसापूर धरण, तेही भरलं तर. तेव्हा "तुला रे काय कळतं जहाजातलं?" हा प्रश्न मी गृहीत धरलेलाच आहे. त्याचं उत्तर पुढं येईल. आधी मुद्दा.

मुद्दा असा, की जुनी वस्तू सांभाळायची आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातल्या सरकारांना आणि तुम्हाआम्हाला, अक्कल राहिलेली नाही. आणि ती नाही हे कळू नये म्हणून आपण तिच्या जागी 'अभिमान' नावाची गोष्ट आणून बसवली आहे.

सुरुवात एका फ्रेंच बोटीपासून करू. ट्रायमारान म्हणजे तीन अंगांची शिडाची बोट. कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी असते ना? तशी दोन्ही बाजूंना उलांडी, आणि सगळं अवाढव्य. ही बोट साडेएकतीस मीटर लांब, कार्बन फायबरची. २००६ साली पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव होतं 'ग्रुपामा ३' आणि कप्तान होता फ्रँक कामास. २००८ साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेचा विक्रम करायला निघाली आणि न्यूझीलंडजवळ तिची एक उलांडी मोडून बोट चक्क उलटी झाली. खलाशांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. आपल्याकडं काय झालं असतं? चौकशी समिती, श्रद्धांजली, विषय संपला. त्यांनी बोट ओढून आणली, पुन्हा बांधली, आणि २०१० साली तिच्यातूनच ४८ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली.

पुढची गंमत ऐका. फ्रान्सपासून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटापर्यंत एकट्यानं बोट हाकायची 'रूट द्यु ऱ्हम' नावाची शर्यत असते, चार वर्षांतून एकदा. दहा जणांनी चालवायची ही बोट एकट्या माणसाला झेपावी म्हणून कामासनं तिची डोलकाठी आखूड केली, दोर ओढायच्या यंत्राला सायकलची पेडलं जोडली, आणि २०१० ची शर्यत जिंकली. मग बोट दुसऱ्यांकडं गेली, नाव झालं 'बँक पॉप्युलेर ७'. २०१४ साली लोइक पेरॉननं तिच्यातून तीच शर्यत जिंकली. २०१५ मध्ये ती एका अमेरिकन कंपनीच्या पैशावर 'लेंडिंग क्लब २' या नावानं विक्रम करत फिरली. त्याच वर्षी फ्रान्सिस जॉयोंकडं आली, 'इदेक स्पोर्ट' झाली. जॉयोंनं काय केलं? कामासच्या वेळची ती आखूड डोलकाठीच वापरली. २०१७ साली सहा जणांनी तिच्यातून ४० दिवस २३ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. तो विक्रम पुढं कित्येक वर्षं कुणाला हलवता आला नाही. आणि २०१८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, जॉयोंनं तिसऱ्यांदा या बोटीला 'रूट द्यु ऱ्हम' जिंकून दिली. तिच्यापुढं पाण्यावरून जवळजवळ उडणाऱ्या, कोऱ्या करकरीत बोटी होत्या. त्यातल्या काही वाटेतच मोडल्या. शेवटचा प्रतिस्पर्धी ७ मिनिटं ८ सेकंदांनी मागं राहिला. तीन शर्यती, तीन कप्तान, तीन नावं आणि बोट एकच! जॉयोंनंतर ती अलेक्सिया बारिएच्या महिला संघाकडं गेली.

या सगळ्यात बोटीची 'मूळ मालकी' कुणाची, तिची 'अस्मिता' काय, असले प्रश्न कुणाला पडल्याचं दिसत नाही. प्रश्न एकच: आज ती चालते का, आणि आपल्या कामाला कशी बसवायची?

"हे शर्यतवाल्या श्रीमंतांचे चोचले, आपला काय संबंध?" असं म्हणाल. बरं. मग आपल्या घरचं उदाहरण घेऊ. आयएनएस विराट.

विराट आपण घेतली ती सेकंडहँड. हे सांगताना लोक जरा खाली बघतात, म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगतो. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमधल्या बॅरो इथं तिचं काम सुरू झालं. युद्ध संपलं आणि काम रेंगाळलं. १९५३ मध्ये पाण्यात उतरली, १९५९ मध्ये 'एचएमएस हर्मीस' म्हणून ब्रिटिश नौदलात दाखल झाली. म्हणजे बांधायलाच पंधरा वर्षं! (आपल्या उड्डाणपुलांनी निराश होऊ नये.) आधी ती मोठ्या लढाऊ विमानांची नौका होती. मग १९७० च्या दशकात कमांडोंची वाहतूक करायला लागली, मग पाणबुड्या शोधायला, आणि शेवटी पुढच्या टोकाला चढ बांधून हॅरियर विमानांची नौका झाली. ज्याला आपण रिक्वायरमेंट चेंज म्हणतो आणि ज्यावरून रात्री अकराला ईमेलवर भांडतो, ते या जहाजानं एका जन्मात तीन वेळा पचवलं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती.

१९८६ मध्ये भारतानं ती विकत घेतली, नीट दुरुस्त करून घेतली आणि १२ मे १९८७ रोजी 'विराट' म्हणून दाखल केली. ब्रिटिशांनी ज्या जहाजाला पंचवीस वर्षांत निरोप दिला, ते आपल्या नौदलानं पुढं तीस वर्षं चालवलं. १९९३ मध्ये तिच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. दुरुस्त करून पुन्हा समुद्रात नेली. ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली तेव्हा जगातली सर्वांत जुनी कार्यरत विमानवाहू नौका तीच होती. नौदलानं तेव्हा दिलेला हिशोब: समुद्रात २,२५२ दिवस, सुमारे ५,८८,००० सागरी मैल.

हे आकडे अभिमानाचे नाहीत, देखभालीचे आहेत! सहा वर्षांहून जास्त काळ खोल समुद्रात काढण्यासाठी किती वेळा बॉयलर उघडावा लागला असेल, किती व्हॉल्व्ह, किती गॅस्केट, किती पाइप बदलावे लागले असतील? मुंबईच्या गोदीतल्या आणि कोचीनच्या यार्डातल्या कामगारांचा, नौदलातल्या इंजिनवाल्यांचा तो आकडा आहे. त्यांचे फोटो कुठं आले नाहीत. डेकवरच्या विमानांचे आले.

आता पुढचा, म्हणजे आपला, भाग. जहाज निवृत्त झालं आणि सगळ्यांना एकदम प्रेम फुटलं. १ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात विराटचं संग्रहालय आणि सागरी प्रशिक्षण केंद्र होणार. खर्च ८५२ कोटी रुपये. बातम्या झळकल्या. मोबाइलवर अभिमानाचे निरोप फिरले. जुलै २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयानं संसदेत सांगितलं, की आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहील असा एकही पूर्ण प्रस्ताव आलेला नाही, जहाज भंगारात जाणार. लिलावात ३८ कोटी ५४ लाखांना विकलं गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये टगबोटींनी ओढत ते गुजरातेत अलंगला नेलं. मग जाग आली. एक कंपनी शंभर कोटी द्यायला तयार झाली, मंत्रालयानं ना-हरकत दिली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकामाला स्थगिती मिळाली आणि एप्रिलमध्ये याचिका निकालात निघाली. कारण तोपर्यंत जवळपास चाळीस टक्के जहाज कापून झालं होतं.

८५२ कोटींचं स्वप्न, ३८ कोटींची वस्तू. बावीसपट! शेतकऱ्याच्या पोरानं आठ लाखांच्या ट्रॅक्टरसाठी पावणेदोन कोटींचं शेड जाहीर करावं आणि डिझेलला पैसे नाहीत म्हणून ट्रॅक्टर भंगारवाल्याला द्यावा, असला हा प्रकार.

आणि हे पहिल्यांदा झालं का? नाही ना. आधीची विक्रांत आठवा. तीही सेकंडहँड, किंबहुना अर्धवट. १९४५ मध्ये 'हर्क्युलिस' नावानं पाण्यात उतरलेली, युद्ध संपल्यावर काम थांबवून ठेवलेली. १९५७ मध्ये आपण घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली, १९६१ मध्ये दाखल केली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. वेग कमी, तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि तिच्या विमानांनी कॉक्स बाझार आणि चितगाव झोडपून काढलं. १९९७ मध्ये निवृत्त. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उघडली, २०१२ मध्ये 'सुरक्षित नाही' म्हणून बंद झाली. ६० कोटींना लिलाव, २०१४ मध्ये तोडकाम. पुढं तिच्या पोलादाचा अंश वापरून मोटारसायकल निघाली, तर ती घ्यायला आपण रांगेत! विक्रांत वाचवायला कुणाकडं पैसे नव्हते, विक्रांतच्या नावाची गाडी हप्त्यानं घ्यायला मात्र होते.

या दोन गोष्टींत फरक एवढाच, की विक्रांतला आपण अकरा वर्षं दाखवून मारलं आणि विराटला न दाखवता.

आता तांत्रिक बोलू, कारण भावनिक बोलणारे भरपूर आहेत. लोखंडाचं जहाज खाऱ्या पाण्यात उभं असणं म्हणजे चोवीस तास चालणारी रासायनिक प्रक्रिया असते. जहाज लढत असो वा संग्रहालय असो, गंज विचारत नाही. म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. लोखंडाऐवजी आधी जस्त झिजतं, म्हणजे सरळसरळ बळीचा बकरा. ते ठोकळे संपले की बदलायचे, ठरावीक काळानं जहाज सुक्या गोदीत घ्यायचं, तळ खरवडायचा, पत्रे तपासायचे, रंग द्यायचा. हे एकदाचं काम नाही. हे दरवर्षीच्या अंदाजपत्रकातलं कलम आहे, आणि ते कलम कुणाच्या तरी नावावर असावं लागतं. न्यूयॉर्कची 'इंट्रेपिड' ही विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय आहे. २००६ मध्ये तिला दुरुस्तीला न्यायला निघाले तर ती चिखलातच रुतली, हलेना. तरी गाळ काढून नेली आणि २००८ मध्ये दुरुस्त करून परत जागेवर आणली. एवढ्या लांब कशाला, विशाखापट्टणमला जा. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली, २००२ मध्ये किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उघडली. तिथल्या शहर विकास प्राधिकरणाच्या ताब्यात दिली. आकारानं लहान, पाण्याबाहेर काढलेली, आणि मालक एकच. तिकीट काढा, आत वाका, पाहून या. म्हणजे 'भारतात हे होतच नाही' ही पळवाटही बंद.

आता मघाचा प्रश्न. बाळापूरच्या माणसाला यातलं काय कळतं?

आमच्याकडं कोरा ट्रॅक्टर घेणारे थोडे. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या हातचा घेतात. घेताना आधी कागद बघतात, मग तास किती चाललाय ते, मग क्लच, हायड्रॉलिक, टायर, आणि शेवटी मागच्या मालकाचं तोंड. हो, तोंड! कारण "हा ऑइल वेळेवर बदलणारा माणूस आहे का" हे मशीनपेक्षा तोंडावर जास्त लिहिलेलं असतं. नवा रंग मारलेल्या ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त संशय. "रंग कशापायी मारला? काय झाकायलाय?" हळदीच्या हंगामात शेतावर हळद शिजवायचा कुकर येतो. तो कुणाचा, कुठल्या साली घेतलेला, हे कुणी विचारत नाही. वाफ बरोबर धरतो का आणि व्हॉल्व्ह नीट आहे का, एवढंच. विक्रांतचा तडकलेला बॉयलर सांभाळत युद्ध लढणाऱ्यांची जातकुळी हीच. आमच्या गावात सेकंडहँड हा कमीपणा नाही. वंगणाविना ठेवलेलं मशीन हा कमीपणा आहे.

आणि तुमचं-माझं हापिसातलं वागणं बघा. मी ज्या सिस्टिमवर काम करतो ती माझ्या हातात यायच्या आधी तीन कंपन्यांच्या हातांतून गेली आहे. प्रत्येकानं तिला नवं नाव दिलं, नवा लोगो चिकटवला. आत तोच जुना कोड इमानेइतबारे रोज रात्री हिशोब जुळवतो. मीटिंगमध्ये कुणी "आपण नव्यानं लिहून काढू" म्हटलं की टाळ्या. कुणी "जुन्याचं डॉक्युमेंटेशन पूर्ण करू" म्हटलं की सगळे फोनमध्ये. प्रमोशन नवीन मॉड्यूलवाल्याला. रात्री दोनला उठून जुनं जिवंत ठेवणारा 'सपोर्टवाला'. सरकारला नावं ठेवताना हे लक्षात असू द्या. उद्घाटनाला फीत असते, देखभालीला नसते. हे मंत्र्यांना जितकं कळतं तितकंच आपल्या मॅनेजरलाही कळतं.

आता एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागेल, कारण मी मराठवाड्याचा आहे. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या पोरानं भंगार जहाजासाठी ८५२ कोटी मागावेत का? नाही! मी ते मागतच नाहीये. "आम्हाला परवडत नाही, जहाज मोडा" असं २०१७ साली सरळ सांगितलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. जहाज मोडणं हा गुन्हा नाही. अलंगचा धंदा रांगडा, धोक्याचा, पण व्यवहार चोख: पोलाद किती, भाव काय, पैसे मोजा. उलट या सगळ्या प्रकरणात ठरल्याप्रमाणं वागलेला एकमेव गडी तोच. माझा राग आहे तो 'हो' म्हणून काहीच न करण्यावर. कारण खोटा 'हो' खऱ्या 'नाही' पेक्षा महाग पडतो. 'हो' ऐकलं की बाकीचे थांबतात. विराटसाठी आंध्र प्रदेशही इच्छुक होता. छोटा, परवडणारा आराखडा कुणी मांडला असता, एखादा भाग कापून ठेवता आला असता, नुसतं नाक तरी. पण एवढी मोठी घोषणा झाल्यावर छोटं बोलणार कोण?

आणि हा इतिहास उगाळायचं कारण म्हणजे गोष्ट संपलेली नाही. आयएनएस गुलदार. पोलंडमध्ये बांधलेलं, १९८५ मध्ये नौदलात आलेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं जहाज. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात दिलं गेलं. योजना अशी, की ते समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची. केंद्राचे सुमारे ४७ कोटी. आणि जागा? निवती! तीच निवती, जिथं विराट येणार होती.

कल्पना मला आवडली. आकार झेपणारा, खर्च झेपणारा, मालक एक. पण "बुडवलं की काम झालं" असं कुणी समजत असेल तर इथंच धोक्याची घंटा. पाण्याखालच्या जहाजाचे पत्रेही गंजतात, वादळात हलतात, दारं-शिड्या सैल होतात, मासेमारीची जाळी अडकतात. त्यात पोहत शिरणारा पर्यटक अडकला तर? म्हणून दरवर्षी कुणीतरी खाली उतरून तपासायला हवं, धोक्याचा भाग कापायला हवा, नोंद ठेवायला हवी. २०३५ साली हे कोण करणार आहे? त्याचं पद काय? पैसे कुठल्या कलमातून? मला ते ४७ कोटी नकोत, मला हा वार्षिक आकडा सांगा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी 'अमुक वाचवा, तमुकचं स्मारक करा' असा निरोप तुमच्या फोनवर आला तर पुढं ढकलायच्या आधी तीन प्रश्न विचारा. दरवर्षी खर्च किती? देणार कोण? आणि चुकलं तर धरायचं कुणाला? उत्तरं नसतील तर तो निरोप तिथंच थांबवा. आणि निवतीला जहाज पाहायला जाल तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर फक्त मासे कुठले दिसतात हे विचारू नका. शेवटची तपासणी कधी झाली, तेही विचारा. दोन-चारशे लोकांनी रोज विचारलं की कुणाला तरी ती करावी लागेल.

असो. विकांत संपत आला. उद्या सकाळी साडेनऊला त्याच जुन्या सिस्टिमची मीटिंग आहे, आणि अजेंड्यावर पहिलं नाव आहे 'नव्यानं लिहिण्याचा प्रस्ताव'. मी डॉक्युमेंटेशनचा विषय काढणार आहे. टाळ्या पडणार नाहीत, माहीत आहे.